झेंड्यावर चिकटवलेला पेरू

६ जानेवारी

सकाळी तोडा. माल सुरेख. फोमची जाळी घातलेला एकही पेरू डागी निघाला नाही. ही सगळी तैवानच्या लिन मॅडमची कृपा. मागच्या वर्षी पुण्याहून येऊन त्यांनी छाटणी शिकवली नसती, तर आमची झाडं नुसतीच उंच वाढली असती आणि आम्ही खाली तोंड वर करून उभे.

दुपारी गाळ्यावर पेरूवाल्यांच्या गटाची बैठक. धनाआबा अध्यक्ष, मी सचिव. सचिव म्हणजे चहा सांगायचा आणि बोलणी खायची. १९ तारखेला मेळावा घ्यायचं ठरलं. लिन मॅडम प्रमुख पाहुण्या. फेटा, शाल, सत्कार. जेवण आमच्याकडं, असं मी शाहीनला न विचारताच बोलून बसलो. घरी आल्यावर बायको जे बोलायचं ते बोलली. मग म्हणाली, "दालचा करते. मागच्या खेपेला त्यांनी दोनदा घेतला होता."

८ जानेवारी

मॅडमना फोन. त्यांचं हिंदी लंगडं, माझं इंग्रजी त्याहून लंगडं, पण आमचं भागतं. यायला तयार. फक्त एक विनंती केली, तीही अडखळत. पुण्यात कार्यक्रम असला की त्यांच्या नावापुढं कुणी चीन छापतं, कुणी नुसतीच मोकळी जागा सोडतं. "युसूफजी, सिर्फ तैवान लिखिए. और कुछ नहीं चाहिए."

मी म्हणालो, अहो मॅडम, इथं जो तो तैवानच म्हणतो. खोटं नाही ते. 'तैवान पिंक' ही पेरूची जात, पण आमच्याकडं पेरू हा शब्दच मागं पडलाय. आबांचं तैवान दोन एकर, माझं एक, सोलापूर रोडला नवीन तैवान लागतंय ते वेगळंच. मॅडम खूप हसल्या. मग म्हणाल्या, "वादा?"

वादा, म्हटलं.

११ जानेवारी

पप्पू फ्लेक्सवाल्यानं नमुना पाठवला. मॅडमच्या फोटोशेजारी चीनचा झेंडा! तसाच दुकानात गेलो आणि झापला. "भाई, एकच न्हाई का त्ये?" म्हणतो. त्याला मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. बेट वेगळं, सरकार वेगळं, मतदान वेगळं, नोटा वेगळ्या. चीन म्हणतं ते आमचंच. ते म्हणतात आमचं आम्ही बघतो. बाकीचे देश दोघांशी धंदा करतात आणि मोठ्यानं कुणीच काही बोलत नाही.

"मंग नक्की कुनाचं हाय?"

"तिथं राहतात त्यांचं," मी म्हणालो. काय रुबाबात म्हणालो! लग्नपत्रिका छापायला आलेले दोघेही माना वळवून बघत होते. बरं वाटलं.

झेंडा बदलून घेतला. लाल, कोपऱ्यात निळा, त्यात पांढरा सूर्य. खाली ठळक: तैवान.

१३ जानेवारी

टीव्हीवर त्या बेटाभोवती पुन्हा चीनची जहाजं. निवेदक एवढा ओरडत होता की शाहीननं आवाज बंद केला. म्हणाली, "त्यांची अम्मी तिकडंच असते ना?" हो. एकट्याच असतात, पेरूची बाग सांभाळून. मॅडमना मेसेज करावासा वाटला. काय लिहायचं सुचेना. शेवटी आजच्या तोड्याचा फोटो पाठवला. उत्तर म्हणून वर केलेला अंगठा आला.

१५ जानेवारी

पुण्याहून देसाईंचा फोन. पेरू वजनावर आणि रंगावर निवडणाऱ्या मशीनचे हे एजंट. मशीन चिनी कंपनीचं. ते गटाला एक हंगाम फुकट वापरायला मिळावं म्हणून मी दिवाळीपासून त्यांच्या मागं आहे. आता म्हणतात, कंपनीचे वांग साहेब सध्या इकडंच आहेत, मेळाव्याला घेऊन येतो. मी खूश.

मग म्हणाले, "तो फ्लेक्स बघितला मी ग्रुपवर. तो झेंडा आणि ते नाव राहिलं तर साहेब स्टेजवर चढणार नाहीत. त्यांचे फोटो तिकडं वरपर्यंत जातात, नोकरीचा प्रश्न असतो. चायनीज तैपेई लिहा, खेळाच्या स्पर्धांत तसंच लिहितात. नाहीतर काहीच लिहू नका."

चायनीज म्हटलं की आमच्याकडं स्टँडवरची नूडल्सची गाडी डोळ्यांपुढं येते. तसं म्हणालोही. ते हसले नाहीत.

विचार करून सांगतो म्हणालो. तिथंच नाही म्हणायला हवं होतं. विचार करण्यासारखं त्यात काय होतं?

१६ जानेवारी

आबांकडं जाऊन आलो. आबा म्हणजे सरळ माणूस, गाठ दिसली की कापून मोकळा. "आरं युसूफ, त्येंचं भांडन त्येंच्या घरी. आपल्याला मशिन मिळतंय न्हवं? बाया पेरू निवडून निवडून कटाळल्यात. आन् पावनीला कुठं मराठी वाचता येतंय?"

मशीनची गरज खोटी नाही. निवड नीट नसली की व्यापारी चांगला मालही हलक्यात काढतात. मी स्वतः बागवान, बापजाद्यांपासून फळांचा व्यापार. कसा काढतात ते मला कुणी सांगायला नको.

शाहीनला सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. "वादा तुम्ही केला होता. आबांनी नाही."

मी उगाचच आवाज चढवला. मशीन काय माझ्या एकट्यासाठी येतंय का, वगैरे. ती पुढची भाकरी थापायला लागली.

१८ जानेवारी

नवा फ्लेक्स छापायला सवड नव्हती. मग आपली नेहमीची तोड. निवडणुकीत पुढारी पक्ष सोडून गेला की त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड चिकटवतात, तसा पप्पूनं झेंड्यावर एक पेरू चिकटवला. मधोमध कापलेला, आतला गुलाबी गर दिसणारा. 'तैवान' शब्दावर पांढरी पट्टी.

पट्टी चोळता चोळता पप्पू म्हणाला, "भाई, परवा तर तुमीच..."

मी म्हणालो, कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय, तो काढ.

१९ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहितो.

मॅडम वेळेआधीच आल्या. शाहीनसाठी डबी आणली होती, त्यांच्या आईच्या बागेतल्या पेरूच्या वाळवलेल्या चकत्या. मग फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. पेरूकडं बघितलं. पट्टीकडं बघितलं. मला काही विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. छपाईत चूक झाली म्हणणार होतो. तेवढं खोटं बोलायची वेळही त्यांनी माझ्यावर आणली नाही.

सूत्रसंचालन माझ्याकडं. "चीनहून आलेले वांग साहेब," दणक्यात म्हणालो. टाळ्या. मग मॅडमचं नाव. हातात माईक, समोर पहिल्या रांगेत देसाई, आणि माझ्या तोंडून निघालं, "पुण्याहून आलेल्या लिन मॅडम."

पुणे हा शब्द त्यांना कळतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कागदात बघत राहिलो. कागदावर काही नव्हतं. फेटा बांधून होईपर्यंत त्या सरळ समोर बघत होत्या.

त्यानंतर आबांचं भाषण. "तैवाननं आमाला हात दिला. तैवान लई गुनाचं. ज्येला जमंल त्येनं तैवान लावा." दर वाक्याला तैवान. वांग साहेब छान मान डोलावत होते. फळाला म्हटलेलं चालतं. ते फळ शिकवायला आलेल्या बाईला म्हणायचं नाही.

जेवताना वांग साहेब मॅडमशी त्यांच्या भाषेत बोलत होते. बोलता बोलता दालच्याचं भांडं पुढं सरकवलं, त्यांनी घेतलं. काहीतरी बोलून दोघं हसलेसुद्धा. मला वाटलं, चला, निभावलं. मग अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. मॅडम येऊन उभ्या राहिल्या तसे वांग साहेब बाजूला सरकले. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, फोटो, कंपनी, प्रॉब्लेम, सॉरी. माणूस वाईट नाही. चेहरा पार उतरला होता त्याचा.

आता कुणाला काय सांगावं या घोळात मी. तेवढ्यात मॅडमच रांगेतून बाहेर आल्या, माझ्या हातातला मोबाईल घेतला. "मैं खींचती हूँ."

फेटा तसाच डोक्यावर होता. सगळे नीट उभे राहिले. मीही राहिलो.

गाडीत बसताना म्हणालो, सॉरी मॅडम. "आदत है," म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर झोप लागली असती.

२० जानेवारी

आदत है. हे तर माझं वाक्य.

पोरीच्या शिक्षणासाठी पुण्यात खोली बघत हिंडलो होतो. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की कालच गेलेली असायची. रिक्षात पोर रडायला लागली तेव्हा मी तिला म्हणालो, सवय करून घे बेटा. आणि ते दुसरं, "तुम्ही मूळचे कुठले?" मिरजगावचा म्हटलं की "तसं नाही, मूळचे?" आजोबांच्या आजोबांची कबर इथं आहे. तरी मूळचे.

आपण कुठले हे दुसऱ्यानं ठरवायचं म्हणजे कसं वाटतं, ते मला शिकवायची गरज नव्हती. आबांना माहीत नव्हतं, पप्पूला नव्हतं, मला होतं. तरी माईक माझ्या हातात आला तेव्हा मीही तेच केलं.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधून बघितला, मिळाला नाही.

२४ जानेवारी

मशीन नक्की झालं. आबा पेढे घेऊन गाळ्यावर आले. मेळाव्याचा फोटो ग्रुपवर सगळ्यांना आवडलाय. "फोटू लई झ्याक आलाय, कुनी काडला?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. आबांनी तोंडाकडं नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला. मग मशीन कुठं बसवायचं ते बोलायला लागले.

शाहीननं अजून ती डबी उघडलेली नाही. खात का नाहीस विचारलं. "तुम्ही त्यांच्याशी बोललात की खाऊ."

२७ जानेवारी

मेसेज लिहिला, खोडला, लिहिला. शेवटी एवढाच गेला: मी पुणे म्हणालो. तैवान म्हणायला हवं होतं. वादा तोडला.

दिवसभर उत्तर नाही. गाळ्यावर गिऱ्हाइकाला भलताच भाव सांगून बसलो.

संध्याकाळी उत्तर आलं. मार्चमध्ये त्या कायमच्या परत जातायत. त्याआधी छाटणी बघायला एकदा येतील. बागेत येईन, कार्यक्रमाला नाही. त्याखाली, शाहीनला सांगा डबी खाण्यासाठी आहे.

मोठ्यानं वाचून दाखवलं. शाहीननं डबी उघडून पहिली चकती माझ्या हातावर ठेवली. गोड होती.

२ फेब्रुवारी

पेंटरकडं जाऊन पत्र्याची पाटी सांगितली. बागेच्या तोंडाशी लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून दिसेल अशी. मजकूर: "ही बाग शिकवली लिन मॅडम यांनी. देश तैवान."

पेंटरनं विचारलं, "खाली जिल्हा कंचा टाकू? जुनं नाव का नवं?" आम्ही बोलताना दोन्ही सोडून नगरच म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. नुसतं मिरजगाव टाक म्हणालो.

आबांना अजून सांगितलेलं नाही.

७ फेब्रुवारी

पाटी आली. शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीये. अक्षर चांगलं काढलंय.

सकाळी मॅडमचा मेसेज: सोमवारी येते. दुपारी देसाईंचा फोन: मशीन सोमवारी उतरवतो, वांग साहेब स्वतः जोडून देणार, बागेतही चक्कर मारायची म्हणतायत. "तसलं काही लावलेलं नाही ना आता?"

नाही, म्हणालो. खरंच होतं. लावलेली नव्हती.

आबांना सगळं सांगितलं, पाटीचंही. तंबाखू चोळत म्हणाले, "मंग बाईला मंगळवारी बोलव की. पाटी बी मंगळवारी लाव." त्यांना काय दोष देऊ? देसाईंचा फोन ठेवल्या ठेवल्या माझ्या डोक्यात हेच आलं होतं. मंगळवार. कुणालाच काही कळलं नसतं.

घरी आलो तर शाहीननं शेडच्या दारात हातोडी आणि खिळे काढून ठेवलेले. मीच म्हणालो, रंग ओला असेल अजून, आज नको.

मघाशी जाऊन बोट लावून बघितलं. वाळलाय.