कुंचीवर बसायचं न्हाई

मु. भाटघर, रंगपंचमी

सौ. रत्ना विहीणबाई यांस भाटघरच्या ठकुबाईचा मानाचा नमस्कार. आम्ही इकडं खुशाल. धरणावरच्या वाऱ्यानं ह्यांचे कान तेवढे ठणकतात. तुमचा गुडघा जपानची थंडी सोसतो का? लेकीच्या मदतीला पानशेतची खानावळ बंद ठेवून एवढ्या लांब गेलात, याचं मला कौतुकच आहे (हेवा नाही. हेवा असता तर पत्र बोचरं झालं असतं).

आपला माऊली एप्रिलात तिथं पहिलीत जाणार. तुमच्या शिवानीनं मोबाईलवर शाळेची यादी वाचून दाखवली, तेव्हा मला वाटलं रुखवतच मागतायत. दप्तर, शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट, फरशी पुसायला दोन फडकी, आणि भूकंप झाला तर डोक्यावर घ्यायची जाड टोपी. मानेवर रुळणारी, हनुवटीखाली बंद असलेली. मी म्हणाले, "अगं, ही तर कुंची!" सूनबाई हसली, "तशीच काहीशी, आई." झालं, मी मशीनवर बसले. शिवण मला कुणी शिकवलं नाही. जुनी पोलकी उसवून उसवून मीच शिकले. आत सावरीचा कापूस, माझ्या लुगड्याचं अस्तर, कडेनं लाल झालर आणि मागं (दृष्ट लागू नये म्हणून) काळा गोंडा.

मग पारख करावी म्हणून ती ह्यांच्या डोक्यावर चढवली आणि वरून लाटणं हाणलं. "लागलं का?" तर म्हणतात, "काय म्हनलीस?" म्हणजे कुंची पक्की. पण कानाला ऊब लागल्यावर सर्जेराव ती काढेचनात. तशीच घालून डेअरीला दूध घालून आले. शेजारची साळूबाई दारातून म्हणाली, "भावजींचं आज बारसं हाय जनू?"

त्याच दिवशी तुमचा फोन आला. कुंची तान्ह्या बाळाची, पोरं हसतील, तुम्ही दुकानातून चंदेरी टोपी आणलीय. आणि ती म्हणे रोज घडी घालून खुर्चीवर उशी म्हणून ठेवायची! विहीणबाई, इथं माझं डोकं फिरलं. ज्यावर बूड टेकायचं तेच संकटात डोक्यावर घ्यायचं? आमच्या शाळेत पोरं बगलेत बसकर मारून जायची, पण बसकर कुणी डोक्यावर घेतलं नाही अन् टोपीवर कुणी बसलं नाही. म्हणून गोधडीचं बसकर वेगळं शिवून कुंचीसोबत धाडलंय. बसकर खाली, कुंची वर. माऊलीला माझा निरोप सांगा, कुंचीवर बसायचं न्हाई. जपानच्या सरकारनं विचारलं तर माझं नाव पुढं करा. आणि पोरं हसली तर हसू देत. भूकंपात कुणाचे कान झाकलेले आहेत ते बघू.

आता फडकी. तिकडं म्हणे पोरंच रोज शाळा पुसतात. साळूबाई म्हणते, "ल्योक परदेशी धाडला, आन् नातू फरशी पुसतूय व्हय?" म्हटलं, "पुसतूय! तुझा नातू जेवल्यालं ताट तरी उचलतूय का?" तेव्हापासून ती माझ्याकडं विरजण मागायला येत नाही. तुम्ही म्हणालात, तिकडं पांढरी फडकी विकत मिळतात, दहादहाचा गठ्ठा. मिळू देत. मी ह्यांच्या धोतराची शिवलीत, चार पदरी, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं "माऊली". तिथल्या बालवाडीच्या बाई त्याला "माऊरी" म्हणतात असं कळलं. आत्यानं बारशाला कानात सांगितलेल्या नावात "ल" आहे. बाईंना मराठी येत नसेल तर शिकतील. मी नाही का उसवून शिकले?

आमच्या अमृतला आणि सूनबाईला आशीर्वाद, माऊलीचा मुका. गुडघा शेकत जा.

तुमची विहीण,
ठकुबाई

ता. क. झालर आणि गोंडा मी कच्च्या टाक्यांनी लावलाय. पोराला लाज वाटली तर एका हिसक्यात निघेल. (हे मी सांगितलं असं कुणाला बोलू नका.) फडक्यांचा दुसरा कोपरा मोकळा सोडलाय, तिथं त्याचं नाव जपानी अक्षरांत तुम्ही घाला. तुमचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे.

आणखी ता. क. एवढं पत्र लिहिलं ते खरं तर एकाच कामासाठी. एक फडकं मळलं की धुऊ नका. तसंच पाकिटात घालून माझ्याकडं धाडा. आमच्याच्यानं काही तिकडं येणं व्हायचं नाही. त्यानं पुसलेली शाळा मला बघायची आहे.