खैरुनबीचं तीन आरशांचं टेबल

३ डिसेंबर

ठरलं! बेडरूममध्ये ड्रेसिंग टेबल घ्यायचं. जुनं, लाकडी, समोर बसून वेणी घालता येईल असं. आज जेवताना सांगून टाकलं. बापूजींचा घास हातातच राहिला. (माझा नवरा, पण अख्खं कळंब त्यांना बापूजी म्हणतं, मग मीही तेच म्हणते.)

"आता? या वयात कायले?" एवढंच म्हणाले आणि वरण मागितलं.

वाढलं. पण कमी वाढलं.

४ डिसेंबर

कारण लिहून ठेवते, म्हणजे बोलताना अडखळायला नको. आमच्या घरात आरसा एकच, मोरीजवळ. खिळा ठोकला बापूजींनी, लग्नानंतर लगेच, स्वतःच्या दाढीच्या बेतानं. ते ताडमाड, मी एवढीशी. इतक्या वर्षांत मला त्यात दिसलं काय, तर कपाळ आणि भांग! कुंकू बरोबर लागतं, तक्रार नाही. पण नाकाखालच्या बाईची आणि माझी फारशी ओळख नाही. टाचा उचलून पाहता येतं — रोज कोण नाचतं?

६ डिसेंबर

अंकुरचा पुण्याहून फोन. बापानं आधीच चुगली केलेली. लेकानं मोबाईलवर नव्या टेबलांचे फोटो पाठवले. पांढरी, गुळगुळीत, भोवती दिवेच दिवे. मी म्हटलं, अरे बाबा, मला पार्लर नाही काढायचं. तो म्हणाला, जुन्याला वाळवी असते.

बापूजी मागून, "हेच तं मी म्हणून राह्यलो."

बापलेकांचं कशावर तरी एकमत झालं. माझ्यामुळे झालं!

९ डिसेंबर

यवतमाळला गेलो, गफ्फारभाईंच्या जुन्या फर्निचरच्या गोडाऊनमध्ये. मी निवडायला, बापूजी खोड काढायला. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. टेबलाला हात लावून ओलावा पाहिला, वास घेतला, चिमटीत काय धरावं ते मात्र समजेना.

पहिल्या टेबलाचे पाय वाघाचे. रात्री उठले तर मी घाबरून पडायची. दुसरं सागवानी, देखणं, पण खण उघडेना. गफ्फारभाई म्हणाले, उन्हाळ्यात उघडतो. तिसऱ्याचा आरसा लाटालाटांचा — मी त्यात लांबुडकी, बापूजी गोल. त्यांना ते आवडलं नाही, मला बरं वाटलं.

शेवटी गफ्फारभाईंनीच सांगितलं, तुम्हाला हवं तसं टेबल माझ्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे आहे, बोरी अरबला. खैरुनबी तिचं नाव. लग्नात माहेराहून आलेलं, शिसवी, तीन आरशांचं. घर विकलं, नवीन वर्षात मुलगा जमीर तिला नागपूरला नेणार. तिथं चौथ्या मजल्यावर टेबलाला जागा नाही.

मग तुम्हीच का नाही घेतलं, असं मी विचारलं. ते हसले.

"मले नाही देत. आतापावेतो आलेल्या साऱ्यायले तिनं वापस धाडलं. माणूस पाहून देते म्हणते."

१२ डिसेंबर

मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला आज. मुलगी मी!

खैरुनबी सत्तरीची असेल. वाळकी, ताठ, डोळ्यांत सुरमा. घरातलं अर्धं सामान बांधून झालेलं, आणि कोपऱ्यात चादरीखाली ते टेबल. चादर काढायच्या आधी चहा झाला, चौकशी झाली. सुना-नातवंडं, गुडघे, सारं. बापूजी पाय मोकळे करायला बाहेर गेले तशी तिनं चादर ओढली आणि मला स्टुलावर बसवलं.

"केस सोड."

परक्या घरी, परक्या बाईसमोर! पण सोडले. तिनं आपला कंगवा दिला. मधला आरसा समोर, दोन बाजूंचे दोन दारासारखे उघडणारे. वेणी घालायला लागले आणि हात थांबले. माझी मान, माझे कान, दोन्ही गाल — सगळीकडून मीच. आईसारखी दिसायला लागले आहे. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

 खैरुनबीनं खांद्यावरचा पदर नीट केला माझा. मला वाटलं, झालं, पास झाले.

तेवढ्यात बापूजी आत आले. बोटानं लाकूड ठोकलं. काचेच्या कोपऱ्यात काळा डाग शोधला. म्हणाले, मालात खोट आहे, भाव उतरवा. वर म्हणतात, "नाहीतरी शोभेलेच ठेवाचं हाय."

खैरुनबीनं चादर टाकली. "नाही द्यायचं मले."

१३ डिसेंबर

अबोला. चहा करते. साखर विसरते.

१६ डिसेंबर

सकाळी मोरीत गेले तर आरसा खाली आलेला! नवा खिळा, आणि काच बरोबर माझ्या नाकाच्या रेषेत. जुन्या खिळ्याच्या भोकात चुना भरलेला. बापूजी गुडघ्यात वाकून दाढी करत होते, हनुवटीला कापसाचा बोळा.

बोलणार नव्हते मी. पण हसू आलं, मग काय करता. चहात साखर घातली.

ते म्हणाले, आता तरी भागेल ना?

नाही भागणार, म्हटलं. तो आरसा उभ्यानं बघायचा आहे, घाईत, मोरीच्या वासात. मला बसायचंय. त्यांनी दाढीचं सामान आवरलं. मग, "चाल, बोरीले जाऊ."

१७ डिसेंबर

खैरुनबीनं दार उघडलं, पण चहा नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. बापूजींनाच स्टुलावर बसवलं! एवढा उंच माणूस, गुडघे छातीशी.

तिनं विचारलं, "बायको आरशासमोर बसली तं तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही म्हणत."

"काहून?"

बापूजींनी तिन्ही आरशांत पाहिलं. कुठंही पाहिलं तरी समोर तेच. पळायला जागा नाही.

"ते कधी बसलीच नाही," ते म्हणाले. "आरसा माह्या उंचीवर होता. माह्या ध्यानातच नाही आलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. लग्नात घेतलेल्या नावानंतर एवढं नीट काही ऐकलं नव्हतं त्यांच्या तोंडून.

खैरुनबीनं चहा ठेवला. जाताना मला बजावलं, ओलं फडकं लावायचं नाही, आणि डाव्या आरशाची बिजागरी जपायची, ती तिच्यासारखीच हट्टी आहे. तिच्या अब्बांनी स्वतः दारव्ह्याहून बैलगाडीत आणलं होतं म्हणे. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत सांगत होती. हात काही उचलेना.

मला घ्यावंसं वाटलं आणि नकोसंही झालं.

२८ डिसेंबर

आलं! जमीर स्वतः टेम्पोतून घेऊन आला. खैरुनबीचं सामान नागपूरला गेलं, हे इकडं. पाय डुगडुगतो म्हणून बापूजी जमिनीवर आडवे पडून पुठ्ठ्याची घडी सारत बसले. मग खोट शोधायला स्टुलावर बसले, बाजूचे आरसे फिरवले आणि डोक्यामागं हात नेला.

"हे टक्कल कवाचं?"

"सारं कळंब पाहून राह्यलं, तुम्हीच राहिले होते."

दिवसभर डोक्यावर टोपी.

२ जानेवारी

रोज दुपारी बसते. वेणी घालते, सोडते, परत घालते. कामाचं काही नाही. मजा!

बापूजी आज दारातून म्हणाले, "मोगरा आणू का?" थंडीत कुठला मोगरा. पण विचारलं.

६ जानेवारी

खैरुनबीचा नागपूरहून फोन. आता रोजच येतो. आरसा पुसला का, बिजागरी कुरकुरते का. आज मीच विचारलं, तुमचं कसं आहे. म्हणाली, सून गुणाची आहे, जमीर जपतो. सकाळी सगळे कामावर जातात. लिफ्टची भीती वाटते. खाली जाऊन बोलायचं तरी कोणाशी.

"दिवसभर मी कोणालेच दिसत नाही, इंदू."

फोन ठेवल्यावर टेबलासमोर बसले, पण वेणी घातली नाही.

१२ जानेवारी

दुपारी दार वाजलं. खैरुनबी, एकटी, एसटीनं आलेली, हातात पिशवी. थेट आत गेली, स्टुलावर बसली, ओढणी काढली. मी तिचे केस विंचरले. संध्याकाळी जमीर धापा टाकत न्यायला आला. ती उठेना. तो माझ्याकडे पाहत राहिला.

मी म्हटलं, "राहू दे जमीर. इथंच राहू दे तिले."

 बापूजींनी आपली उशी आणि पांघरूण उचललं आणि बैठकीत नेऊन ठेवलं.