बारा दिवस जुळलेलं साल

बाबा, तुमाले जाऊन नऊ वर्सं झाले. मी सातवीच शिकली, चुकलं तं समजून घ्या. तहसीलीच्या आवारात पाऊस मोजायचा डबा होता, त्यातलं पानी तुमी रोज सकाळी काचेच्या गिलासात ओतत, रेघ पाहून वहीत लिहत. मी मांगं उभी. मले वाटे, पाऊस तुमाले इचारूनच येते.

मंग एका पावसाळ्यात तुमाले जुन्या वहीत एक साल भेटलं. त्या सालचं अन् ह्या सालचं पानी बारा दिवस सारखंच, जुळ्या पोरींवानी. तुमी पारावर सांगतलं, "परवा पानी हाय. सरकी पेरून टाका." तुमचे भाऊ, मोठेबाबा, हसले, "काहून रे, ढगानं तुले चिठ्ठी देल्ली का?" पन पेरली साऱ्यांनी, कोरड्या मातीत. चौदावा दिवस गेला, विसावा गेला. सरकी भाजून गेली. तुमी चुलीजवळ बसले हाय, भाकर तशीच, अन् मले म्हनता, "पोरी, गिलासाच्या दोन रेघांच्या मधात जे राह्यते, ते आपन लिहतच नाई. तठूनच फाटा फुटला असन." त्यानंतर कोनी पान्याचं इचारलं का तुमी म्हनत, "पडल्यावर सांगतो."

बाबा, मायी पोरगी तीन वर्साची हाय. तिले झटके येतात. डोळे फिरवते, आंग ताठ होते, ओठ निळे पडतात. नेरचे डाक्टर म्हने, केव्हा येते ते लिहून ठेवा. मी तुमचीच लेक, लिहलं सारं. काय खाल्लं, किती झोपली, ऊन केवढं. मले वाटलं सापडलं, झोप कमी झाली का येते. दोन डाव बरोबर निंगालं. बोंडअळीनं आमची कपाशीची पराटी गेली तवापासून मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाते. एका दिवशी वही पाह्यली, पोरगी चांगली झोपली होती, सासूजवळ ठेवून गेली. दुपारी बलावनं आलं. पळत आली तं पोरगी बाजेखाली, जीभ चावलेली, तोंडात रगत. सासू रडून राह्यली, "तूच तं म्हने, आज नाई येत!"

डाक्टरले इचारलं, आता केव्हा? ते म्हने, "बाई, हे कोनीच सांगू शकत नाई. गोळ्या चुकवू नका."

मी वहीतले दोन दिवस बाजू-बाजूले ठेवून पाह्यले. तेच वरन-भात, तेवढीच झोप, तसंच ऊन. एका दिवशी झटका आला, एका दिवशी नाई. एखादी माशी गालावर बसली असन. ते मी कोन्या वहीत लिहू? आता लिहतच नाई. नुसती तिच्या तोंडाकडे पाहत राह्यते. ती हसली तरी भेव वाटते.

हे कागद कोठी धाडाचे नाईत. पन एक कोनाले सांगतलं नाई. आज सकाळी तिनं हात वर केले, म्हने, "माय, घे." मी आंगनातल्या सासूले आवाज देल्ला, "तुमी घ्या तिले, माये हात पिठाचे हाय."

माये हात साफ होते, बाबा.