पिकॅनच्या झाडाखालची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

माझी बायको रोंडा म्हणते, राग आला की बोलू नकोस, लिहून काढ. मला राग येत नाही. पण या घरात माझं वाक्य कोणी पूर्ण होऊ देत नाही, म्हणून लिहितोय.

मुद्दा असा. बावीस तारखेला काहाबा स्टेट कॉलेजचा घरच्या मैदानावरचा या मोसमातला शेवटचा फुटबॉल सामना. आमची मुलगी लेसी तिथल्या बँडमध्ये आहे. तो अंगाभोवती गुंडाळायचा पितळी भोंगा वाजवते. तिचं हे शेवटचं वर्ष. सामन्याच्या आधी शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांचा हात धरून मैदानाच्या मधोमध चालत जातात, लाउडस्पीकरवर प्रत्येकाचं नाव पुकारतात. लेसीने पहिल्या वर्षी तो भोंगा खांद्यावर चढवला तेव्हापासून मी या चालण्याची वाट बघतोय. हिरवा कोट धुऊन आणलाय. पोटावर बटण लागत नाही, पण उघडा कोट जास्त रुबाबदार दिसतो.

त्याआधी जागेचा निकाल लावायचाय. स्टेडियममागच्या मैदानात लोक आदल्या दिवसापासून मोटारहोम, म्हणजे चाकांवरची घरं, लावतात तिथे एकच झाड आहे, पिकॅनचं, अक्रोडासारख्या फळांचं. त्याखालची जागा आमची. म्हणजे माझी. गेल्या वर्षी ती डॉइलने लाटली. डॉइल म्हणजे रोंडाचा भाऊ, दुर्दैवाने सख्खा. त्यानेच मेसेज टाकला होता की फाटक चारला उघडणार. उघडलं बाराला. मी चारला पोचतो तर साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. वर म्हणतो, दाजी, नंतर दुसरा मेसेज टाकला होता की. दुसरा मेसेज कोण वाचतं?

निश्चय: या वर्षी रांगेत पहिला मी.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरच्या ग्रुपवर डॉइलने मतदान घेतलं. म्हणे या वेळी ब्रिस्केट नको, दुकानातून चिकन विंग्स मागवू. ब्रिस्केट हा माझा प्रांत. बीफचा अख्खा तुकडा, ओकच्या लाकडाच्या धुरावर दिवसभर, मंद. गेल्या वेळी सामना संपून लोक घरी निघाले तरी ते शिजत होतं, हा सामन्याचा दोष आहे.

सगळ्यांनी विंग्सना मत दिलं. रोंडानेसुद्धा. विचारलं तर म्हणाली, बोट चुकून लागलं.

मी ग्रुप सोडला. आता माझ्याशिवाय यांचं कसं चालतं ते बघतोच. रोंडा म्हणाली, अरे, सगळ्या बातम्या तिथेच येतात. मी म्हटलं, खरी बातमी असेल तर ती चालत माझ्या दारात येईल.

ता. क. अजून कोणी परत बोलावलेलं नाही. बहुतेक ओशाळले असतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोटारहोमची डागडुजी. टपावर चढलो तो टीव्हीच्या अँटेनावर पाय पडला. अँटेना गेला. टपाच्या मधोमध अँटेना लावणारा माणूस कोण, त्याला एकदा बघायचंय.

नंतर बाजूचं कापडी छत उघडून पाहिलं. बटण दाबलं, छत बाहेर आलं आणि रोंडाचं पक्ष्यांसाठीचं लाकडी घर खांबासकट आडवं झालं. ती ओरडली, थांब थांब थांब. तीनदा ओरडली की माणूस गोंधळतो. एकदाच ओरडली असती तर थांबलो असतो.

सामन्यापर्यंत बिअर बंद.

संध्याकाळ. बंदी उद्यापासून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लेसीचा फोन. डॅडी, तू येणार ना नक्की? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? म्हणाली, नाही, तू ग्रुप सोडलास म्हणून. आणि डॉइलमामाशी भांडू नकोस, माझ्यासाठी. मी म्हटलं, बाळा, मी कोणाशी भांडत नाही, लोक माझ्याशी भांडतात.

सामन्याची वेळ अजून ठरलेली नाही म्हणाली. टीव्हीवाले रविवारी सांगणार. मी म्हटलं, टीव्हीवाले कोण लागून गेले? नोव्हेंबरचा शेवटचा सामना संध्याकाळी सहाला असतो. लहानपणापासून बघत आलोय. ती म्हणाली, मागच्या वर्षी अडीचला होता. तो अपवाद.

मग म्हणाली, डॅडी, मी ना डावा हात तुझ्यासाठी ठेवलाय, उजवा मम्मीसाठी.  कुत्रा भुंकतोय म्हणून फोन ठेवला. आमच्याकडे कुत्रा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना रोंडा म्हणाली, वेळ आली. सकाळी अकरा.

मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, डॉइलने टाकलंय.

बस. इथेच मला सगळं कळलं. गेल्या वर्षीची युक्ती, फक्त उलटी. गेल्या वर्षी मला उशिरा आणलं, या वर्षी लवकर पळवायचं. मी अकराच्या नादाने सकाळी स्टेडियमकडे निघालो की हा गाडी घेऊन झाडाखाली. शिवाय ब्रिस्केट अर्धकच्चं राहणार आणि याच्या विंग्सचा जयजयकार. मी कच्च्या गुरूचा चेला नाही.

रोंडा म्हणाली, मग स्वतः फोनवर बघ ना. मी म्हटलं, बघितलं म्हणजे मला शंका आली असा अर्थ होतो. मला शंका नाही. ती म्हणाली, वेंडेल स्ट्राउड, तू माणूस आहेस की खेचर? ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. माझं ताट. मी अजून जेवत होतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रोंडा माझ्याबरोबर येत नाही. शुक्रवारी डॉइलच्या गाडीतून येणार आणि तिथेच राहणार. जाऊ दे. पलंगावर आडवा झोपता येईल.

शेवटचं एकदाच सांगते म्हणाली. शनिवारी सकाळी दहाला दक्षिण दरवाज्यापाशी ये. कोट घालून. नाही आलास तर लेसीला काय सांगायचं ते तूच सांग.

दहाला! आठ तास आधी! हिला लग्नापासून लवकर निघायची हौस. आमच्या लग्नात हीच आधी येऊन बसली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एकटाच निघालो. फाटक उद्या उघडणार, मी आजच फाटकासमोर. माझ्यामागे कोणी नाही. लोक आळशी झालेत.

रस्त्यात फोन सारखा वाजत होता. रोंडा, रोंडा, डॉइल, रोंडा. शेवटी बंद केला आणि मोज्यांच्या खणात टाकला. शनिवारी संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. माझी किंमत कळू दे जरा यांना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो!

बाराला फाटक उघडलं, मी सुसाट झाडाखाली. मागच्या गाड्या बघत बघत पुढे निघून गेल्या, एकाचीही थांबायची हिंमत झाली नाही. डॉइल दोनला आला. त्याला सार्वजनिक संडासांच्या शेजारची जागा मिळाली. मी छताखाली उभं राहून दोन्ही हात हलवले. त्यानेही हलवले. आतून नक्की जळत असणार.

झाड मात्र विचित्र आहे. पिकॅन टपावर पडतात. टक. थोड्या वेळाने टक टक. डुलकी लागेल की पुन्हा टक. झाडालाही डॉइलने फितवलंय की काय.

शेजारच्या गाडीत मिस अर्लीन म्हणून म्हातारी आहे. मऊ, पावासारखी बिस्किटं आणि मिरपुडीचा पांढरा रस्सा घेऊन आली. म्हणाली, बाळा, उद्या लवकर उठायचंय हं, अंडी मी करते, आमच्याबरोबरच चल. मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं लवकर म्हणून? म्हणाली, सगळ्या जगाला माहीत आहे, बाळा. म्हणजे डॉइल म्हातारीपर्यंत पोचलाय. बिस्किटं ठेवून घेतली. बिस्किटांशी माझं भांडण नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. पहाटे

ब्रिस्केट स्मोकरवर, म्हणजे धुराच्या भट्टीवर, चढवलं. चारला तयार. मग अंघोळ, कोट, दाढी. पाचला दरवाज्यापाशी. सहाला सामना. याला म्हणतात नियोजन.

सकाळी सव्वानऊ

डॉइल दार वाजवतोय. मला वाटलंच होतं. दाजी, दाजी, दार उघडा, चला लवकर! पडद्याच्या फटीतून बघितलं. हिरवा शर्ट, केस चापून बसवलेले, कपाळाला घाम. मी बाहेर पडायची वाट बघतोय लबाड. गाडी कुठे लपवलीय कोणास ठाऊक.

जनरेटर सुरू केला. त्या घरघरीत त्याचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. फार बरं वाटलं. एकदा खिडकीवर मूठ आपटली. काच फुटली तर भरपाई घेईन. बऱ्याच वेळाने गेला. दोनदा मागे वळून बघितलं त्याने.

दहा वाजून गेले

जनरेटर बंद केला. मैदान रिकामं. चिटपाखरू नाही. मिस अर्लीनसुद्धा गेली. एक अंडं बशीत झाकून माझ्या पायरीवर ठेवलंय. सगळेच्या सगळे डॉइलच्या थापेला बळी पडले! दया येते. आता सहापर्यंत उन्हात ताटकळतील.

बँड वाजतोय. रंगीत तालीम. लेसीचा भोंगा मला इतक्या लांबूनही ओळखू येतो, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा वाजतो तो.

आता लाउडस्पीकरवर नावं. अ‍ॅबट. आईवडिलांची नावंसुद्धा. बँक्स. तालमीलाही पूर्ण नावं घेतायत, शिस्त आहे. कूपर. डन. मीही एप्रनवरच जरा चालून बघितलं, डावा हात असा वाकवून. पाठ ताठ ठेवायला हवी. डोळे एप्रनला पुसले. संध्याकाळी असं होऊन चालणार नाही. हेंड्रिक्स. प्रत्येक नावाला लोक ओरडतायत. केवढा मोठा आवाज आहे हा. स्टेडियम भरल्यावर येतो तसा.

तालमीला एवढे लोक कुठून

त्याच दिवशी, सायंकाळ

एप्रन आणि सपाता घालून धावलो. स्ट्राउड हे नाव खूप खाली येतं, ही एकच आशा होती. शाळेत हजेरीत शेवटी नंबर यायचा म्हणून बापजाद्यांना शिव्या दिल्यात, आज त्यांचे पाय धरले असते. लॅनियर झालं तेव्हा मी मिस अर्लीनच्या गाडीला वळसा घालत होतो. पिकेटच्या वेळी एक सपाता निसटली. सोडून दिली.

दक्षिण दरवाज्यावर हिरव्या जाकिटातली मुलगी. काका, तिकीट? तिकीट फोनमध्ये. फोन मोज्यांच्या खणात. मी ओरडलो, माझी मुलगी आहे आत, बँडमध्ये, पितळी भोंगा! ती म्हणाली, काका, शांत व्हा, तिकिटाशिवाय नाही सोडता येत. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. तिचं काही चुकलं नव्हतं.

सेलर्स. स्पेन्स.

मग, लेसी जीन स्ट्राउड. सोबत आई रोंडा आणि मामा डॉइल.

गजाला धरून उभा होतो. आत फक्त जिन्याची मागची बाजू दिसते, आणि एक पॉपकॉर्नचं दुकान. टाळ्या चांगल्या वाजल्या. मग टेट. मग टॉलिव्हर.

परत आलो. सपाता कोणीतरी उचलून कुंपणावर ठेवली होती.

ब्रिस्केट बरोबर चारला तयार झालं. आजवरचं सगळ्यात चांगलं. सुरी नुसती टेकवली तर तुकडा सुटत होता. समोर कोणी नाही. माणसं सगळी तिकडे, संडासांशेजारी, विंग्स खात. मोठा ट्रे उचलला आणि गेलो.

 एक खुर्ची रिकामी होती, मिस अर्लीनने ती पायाने माझ्याकडे सरकवली. रोंडाने ट्रे घेतला आणि माझ्याकडे न बघता वाढायला लागली. लेसी अजून बँडच्या कपड्यात होती. एक घास खाल्ला. म्हणाली, डॅडी, मस्त झालंय. एवढंच. मी म्हटलं, बाळा, मला वाटलं तालीम आहे. ती म्हणाली, हो, मम्मी म्हणालीच, तुला असंच काहीतरी वाटलं असेल. मग डाव्या बाहीवरचा चुरगळलेला भाग सरळ करत बसली.

मी डॉइलला विचारलं, झाडाखालची जागा उद्यापर्यंत हवी का तुला? म्हणाला, नको हो दाजी. गेल्या वर्षी पिकॅननी माझ्या टपाची काच फोडली. तिथे कोणीच लावत नाही. तुमचा जीव आहे म्हणून आम्ही कोणी काही बोलत नाही.

नंतर हळूच म्हणाला, दाजी, सकाळी मी दार वाजवलं होतं.

मी म्हटलं, माहीत आहे.

 मी राग यायची वाट बघत होतो. आला नाही. लेसीने ताट पुढे केलं, तिला अजून एक तुकडा हवा होता, तो मी तिला कापून दिला.