नवऱ्याचा अंदाज आणि माझा गुडघा

ओबरलान, मार्चची सुरुवात

प्रिय झेन्झी मावशी,

वाकून नमस्कार असं लिहिणार होते, पण तुला खोटं कशाला लिहू? सध्या मी कुणालाच वाकून नमस्कार करू शकत नाही, उजवा गुडघा परवानगी देत नाही. तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्या, कुबडीवर रेलून केला आहे असं समज. आशीर्वाद मात्र पूर्ण दे. तुझी कंबर कशी आहे? वरच्या मजल्यावरचा तो बिगुलवाला अजून वाजवतो की देवाने त्याला चांगली बुद्धी दिली? मांजराचा डोळा बरा झाला का? (मांजराची चौकशी मी अगदी मनापासून करते आहे. या घरात हल्ली माझी चौकशी होते तशी नाही, म्हणजे गुडघ्याकडे बघत आणि तोंडाकडे न बघता.)

चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांपैकी कुणी ना कुणी तुला कळवलं असेलच की बुर्गी उभ्याउभ्या पडली. ते खरं आहे. सगळी हयात त्या बर्फाच्या उतारावर गेली, दर हिवाळ्यात परक्या लोकांच्या मुलांना स्कीवर घसरायला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडायला शिकवलं, आणि मी स्वतः पडले ती कशी, तर एका मुलाचा हातमोजा उचलायला गेले होते. वेग म्हणशील तर दूधवाल्याच्या म्हाताऱ्या घोड्याइतका. जानेवारीतला तीन राजांचा सण झाल्यावरचा आठवडा, आदल्या दिवशी गरम वारा सुटलेला, त्यामुळे बर्फ ओल्या पिठासारखा जड. स्कीचं टोक त्यात रुतलं. मी डावीकडे वळले, खांदे वळले, मान वळली, पाय तेवढा वळला नाही. तो स्कीबरोबर जिथल्या तिथे राहिला. एक आवाज झाला, मावशी, तो मी लिहीत नाही, तुला रात्री झोप यायला हवी. माझ्या गटातली सगळी चिमुरडी ओळीने उभी राहून बघत होती. त्यातली एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "बुर्गी, तू नांगर करायला विसरलीस." (नांगर म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबायचं. आदल्याच दिवशी मी तिला यावरून तीनदा टोकलं होतं.)

आता इथे तुझ्या लक्षात आलं असेल, तू स्की सोडून कितीही वर्षं झाली असोत. माणूस पडला की बुटाची पकड सुटायला हवी आणि स्की पायातून निघून जायला हवी. पकड सुटते म्हणून पाय वाचतात. माझी सुटली नाही. का सुटली नाही, ते पुढे येतं आहे. तोवर तू पाणी पिऊन ये.

त्या आठवड्यात बचाव पथकात पाळी होती ओस्वाल्डची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. (आपल्या गावात प्रत्येकाला दोन कामं असतात आणि दोन्ही एकाच वेळी येतात.) तो जखमींची घसरगाडी घेऊन आला, मला ब्लँकेटात गुंडाळलं, पट्टे आवळले आणि पुढचे दांडे धरून मला खाली न्यायला लागला. इतक्या हळू, इतक्या जपून, की वरात चालली आहे असं वाटावं. वाटेत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची रांग लागते. सगळी रांग वळून बघत होती. ज्या पाहुण्यांना मी आठवडाभर "गुडघे वाकवा, गुडघे वाकवा" म्हणून ओरडत होते, त्यांनी टोप्या काढल्या. मी मेले असं त्यांना वाटलं असावं. मलाही थोडंसं तसंच वाटलं होतं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर आला. भूल द्यायची होती म्हणून त्याने विचारलं, "वजन किती?"

"बासष्ट," मी म्हटलं.

शेजारी ओस्वाल्ड माझे बूट मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "बासष्ट?"

डॉक्टर म्हणाला, "का? काही चुकलं का?"

"नाही, नाही. म्हणजे, मला वाटलं…"

"काय वाटलं तुला?" मी विचारलं.

"काही नाही गं."

"ओस्वाल्ड, काय वाटलं?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "ऐंशीच्या आसपास."

नर्सला खोकला आला. मला मात्र त्या क्षणी सगळं कळलं, आणि त्याचा चेहरा पाहून त्यालाही कळलं आहे हे कळलं. तुला ठाऊक आहे, पकडीचा स्क्रू वजनावर बसवतात. माणूस जड तर पकड घट्ट, हलका तर सैल. ओस्वाल्ड आपल्या स्की भाड्याने देण्याच्या दुकानात दर शनिवारी शेकडो परक्यांना बिनदिक्कत वजन विचारतो. बेल्जियमच्या बाईला विचारतो, तिच्या नवऱ्यासमोर विचारतो, आणि तिने कमी सांगितलं तर "खरं सांगा, पाय तुमचा आहे" असं वर सुनावतो. पण गावातल्या बाईला वजन विचारायचं नाही, नजरेने तोलायचं आणि स्क्रू फिरवायचा, ही सासऱ्यांची शिकवण. दुकान त्याच्या हाती देताना त्यांनी किल्लीबरोबर हीही दिली. आणि मी गावातलीच बाई! तेव्हा डोंगरावर येणाऱ्या सगळ्या जगाला त्याने तोंडाने विचारलं आणि इतके हिवाळे शेजारी झोपणाऱ्या बायकोला नजरेने तोललं. अठरा किलो, मावशी. एक भरलेलं पोतं त्याने माझ्यात मोजलं. मी भूल उतरल्यावर विचार करत पडले होते, की ते पोतं त्याला कुठे दिसलं? अंगावर तर नाही. मग आवाजात? जिना चढण्यात? की घरात मी असले की त्याला तेवढं ओझं वाटतं?

तर तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. ऑपरेशन झालं, माझ्याच मांडीतली एक दोरी काढून गुडघ्यात ओवली आहे. डॉक्टरच्या मते या हिवाळ्यात बर्फाचं नाव काढायचं नाही. पण हंगामात पडलेल्या माणसाचं आपल्या गावात काय होतं ते तू विसरली नसशील. पाहुणा पडला तर तो शूर. आमच्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारे मोडके पाहुणे सकाळी न्याहारीला एकत्र बसतात, एकमेकांच्या प्लास्टरवर सह्या करतात, आणि घरी जाताना ऑफिसात वर्षभर पुरेल इतकी गोष्ट घेऊन जातात. शिक्षिका पडली तर ती फक्त कामाच्या पाळीतली रिकामी जागा. आणि जागा इथे रिकामी राहत नाही.

उपचार सगळं गाव करतं आहे. चर्चचा घंटा वाजवणारा म्हातारा डोंगरातल्या त्या गुबगुबीत मार्मोट प्राण्याच्या चरबीचं मलम देऊन गेला, त्यामुळे घरातला कुत्रा मला सोडून उठत नाही, आणि हे प्रेम नव्हे हे मला कळतं. सासूबाई सकाळसंध्याकाळ ताज्या चक्क्याचे पट्टे गुडघ्याला बांधतात. (परवा पाहुण्यांना चक्का भरलेला गोड स्ट्रुडेल फार आवडला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी तेवढा खाल्ला नाही.) दिवसभर खिडकीत बसायचं आणि समोरच्या उतारावर माझा गट कुणा दुसरीच्या मागून बदकांसारखा जाताना बघायचं. दुसरी म्हणजे मारेइके. हॉलंडची आहे. जिथे टेकडी बघायला सहल काढावी लागते तिथली पोरगी माझ्या मुलांना डोंगर शिकवते आहे.

आमच्या स्कीशाळेचा मुख्य गॉटलीब एकदा भेटायला आला होता. नासपतीच्या दारूची बाटली घेऊन आला आणि घोडा विकत घ्यायला आल्यासारखा गुडघा बघत बसला.

"घाई करू नकोस, बुर्गी. मारेइके सांभाळते आहे."

"कशी सांभाळते?"

"मुलं खूश आहेत."

"मुलं चॉकलेटवरही खूश असतात."

"तेही देते ती," गॉटलीब म्हणाला, आणि उठता उठता दारात थांबून विचारलं, "शेवटच्या रविवारी येशील ना खाली सगळ्यांबरोबर?"

या प्रश्नात माझं सगळं आयुष्य आहे, मावशी. तुझ्या वेळेला ही रीत नव्हती, म्हणून सांगते. ईस्टरनंतरच्या रविवारी लिफ्ट बंद व्हायच्या आधी सगळे शिक्षक वरून एकत्र उतरतात, सगळ्यात जुना पुढे. खाली गॉटलीब उभा असतो आणि एकेकाचा हात हातात घेतो. ज्याला तो "हिवाळ्यात भेटू" म्हणतो त्याचं पुढच्या वर्षीचं काम पक्कं. ज्याला "सुखी राहा" म्हणतो त्याने शाळेचं लाल जाकीट तिथेच उतरवून द्यायचं. कागद नाही, सही नाही. आणि जो उतरतच नाही त्याला काहीच म्हटलं जात नाही, म्हणजे काय ते समजायचं. मारेइके उतरणार आहे.

म्हणून मी दुपारी सगळे डोंगरावर गेले की तळघरात जाऊन स्कीचे बूट घालून उभी राहायला लागले. आधी भिंत धरून, मग न धरता. गेल्या आठवड्यात सासूबाई बटाटे न्यायला आल्या आणि मला तशी उभी पाहून म्हणाल्या, "डोक्यावरही पडली होतीस का गं तेव्हा?" दुसऱ्या दिवशी माझ्या स्की जागेवर नव्हत्या. जेवणाच्या टेबलावर ओस्वाल्ड समोर बसलेला, मीठ मागायला हात लांब करावा इतक्या अंतरावर.

मी म्हटलं, "सासूबाई, तुमच्या मुलाला विचारा, माझ्या स्की कुठे आहेत."

"बुर्गी विचारते, स्की कुठे आहेत."

"दुकानात. कुलुपात."

"दुकानात आहेत म्हणतो."

"ऐकलं मी. विचारा, कुणाला विचारून नेल्या?"

"आई, तिला सांग, त्या पायावर तिला उतरू देणार नाही. फार तर त्या रविवारी मी तिला घसरगाडीतून खाली आणीन. सगळ्यांच्या पुढे आणीन."

"सासूबाई, सांगा, मेल्यावर आण म्हणावं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "मी टपाल खात्यातून निवृत्त झाले ती काय यासाठी? सूप गार होतंय दोघांचं."

आणि दुकानाचं ऐक. ओस्वाल्डने दाराशी वजनकाटा ठेवला आहे. आता तो गावातल्या बायकांनाही विचारतो, आणि नुसतं विचारत नाही, उभं करतो. पाद्रीबाबांच्या घरची स्वैपाकीण दोन गिऱ्हाइकांच्या देखत त्यावर चढली आणि उतरली ती सरळ खालच्या गावातल्या दुकानात गेली. तिच्यामागून निम्म्या बायका गेल्या. चर्चच्या पायऱ्यांवर त्या माझ्याशी बोलत नाहीत, जणू काटा मीच आणून ठेवला. तो मात्र कुणाचं ऐकत नाही. आकडा दोनदा वाचतो, स्क्रू फिरवतो, पुन्हा वाचतो. सासूबाई म्हणतात, त्याचा हात थांबतो मध्येच. थांबू दे.

तर मावशी, मी ठरवलं आहे. मी त्या रविवारी उतरणार. स्की उसन्या घेईन, पकड स्वतः बसवीन, सगळ्यांत शेवटी येईन, नांगर करत येईन, पण माझ्या पायांवर येईन आणि गॉटलीबच्या पंजात हात देऊन त्याच्या तोंडाकडे बघेन. तू मला समजावण्याच्या भानगडीत पडू नकोस. या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही हे तुला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

मांजराला माझ्यातर्फे कुरवाळ. कंबरेला ऊब दे. उभ्यानेच, पण मनाने वाकून,

तुझी
बुर्गी

ता. क. सोमवारी डॉक्टरकडे गेले होते. तळघराचं त्याला सांगितलं. तो ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, आता गुडघा पुन्हा गेला तर पुढचा हिवाळा नाही, त्यापुढचाही नाही. मग त्याने मला गुडघा वाकवायला सांगितलं आणि मावशी, तो खुर्चीवर नीट बसण्याइतकाही वाकत नाही. नांगर त्याने होत नाही. मला हे सोमवारच्या आधीही माहीत होतं.

तेव्हा एक काम कर. त्या रविवारी तू आजारी पड. चांगली दणदणीत, दुसऱ्या दिवशी बरी होशील अशी, पण मी यायलाच हवं इतकी. स्वतःच्या गुडघ्यासाठी घरी बसलेल्या बाईला गॉटलीब सहज विसरेल. आजारी मावशीच्या उशाशी गेलेल्या बाईला विसरला, तर चर्चच्या पायऱ्यांवरच्या बायका त्याला वर्षभर विसरू देणार नाहीत, मग माझ्याशी त्या बोलत असोत नसोत. आणि मी कुणाचं ऐकून थांबले असंही होणार नाही.

ता. क. २. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाला. इतक्या हळू पडताना पकड बरोबर बसवलेली असली तरी बहुतेक वेळा सुटत नाही. बासष्टवर असती तरी कदाचित हेच झालं असतं. हे मी ओस्वाल्डला सांगितलेलं नाही. सासूबाईंकडे निरोप द्यायला तोंड उघडलं होतं, पण ही गोष्ट त्यांच्या तोंडून जाण्यासारखी नाही.

ता. क. ३. मला अजून गाडी चालवायची मनाई आहे, म्हणजे तुझ्या इन्सब्रुकपर्यंत तोच घेऊन येईल. रस्ता लांब आहे आणि मागच्या सीटवर सासूबाई नसतील. तू आजारी पडल्याचा फोन माझ्या मोबाइलवर करू नकोस. दुकानावर कर. दुकान बंद करून, घरी येऊन, ते त्यानेच मला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं.