सशाची उडी

१४ नोव्हेंबर १९३१
कोर्ट लवकर सुटलं. टोबीला घेऊन मांडवीच्या वाळूत. धावायला लागला की मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखा. कोळ्यांची पोरं हसली, मीही हसलो. दीड वर्षाचा झाला, ऐन धावायचं वय, आणि जरासं पळून बसकण मारतो. साहेबाच्या घरचं लाडावलेलं रक्त, दुसरं काय.

इंजिनीयर साहेब विलायतेस निघाला तेव्हा त्याच्या कॉकर स्पॅनियलची दोन पिल्लं आमच्या गळ्यात मारून गेला. कुत्रा टोबी मला, त्याची बहीण नेली बापूला. बापू, माझा धाकटा भाऊ, तेव्हा इथल्या बंदरावर नोकरीला, आता बदली होऊन दाभोळला. साहेबाला नाही म्हणायची छाती दोघांनाही नव्हती. सौ. अजून विटाळ मानते. ओटीच्या आत टोबीने पाऊल टाकायचं नाही.

२ डिसेंबर
टोबी पायऱ्यांशी थांबला. पुढचे पाय वरच्या चिऱ्यावर, मागचे खाली, आणि नजर माझ्याकडे. उचलला तर कण्हला.
सौ. म्हणाली, "परवा बैलाला भिऊन दगडी गडग्यावरून उडी मारलीन ना, तेव्हाच काहीतरी मोडलंय."
असेल. तिच्या लक्षात राहिलं याचंच नवल वाटलं.

१० डिसें.
हाडवैद्य येऊन गेला. खुबा चाचपून म्हणाला, "हाड सरकलाय. बसवतंय आता. बरा होयल." पाय ओढला. टोबी असा ओरडला की शेजारचे गडग्याशी आले. चावला मात्र नाही. नंतर त्या वैद्याचाच हात चाटत बसला. मला बघवेना, आत गेलो.

उंडीच्या तेलाने चोळायचं, निगडीच्या पाल्याने शेकायचं. शेकणार कोण, हा प्रश्न होता. संध्याकाळी सौ.च्या चुलीवर पाल्याचं पाणी उकळत होतं.

२० फेब्रुवारी १९३२
शेकाने बराच उतार. टोबी आता माजघरात झोपतो. विटाळाचं काय झालं, मी विचारलं नाही.

बापू दाभोळहून बोटीने आला, सोबत त्याची कुत्री नेली. तिचं टोबीशी जमवायचं म्हणतो. गावठी कुत्रा शिवला तर जात बाटेल, ही त्याला धास्ती.
सौ. म्हणाली, "अहो भाऊजी, सख्खी भावंडं ती. आपल्यात सगोत्र चालत नाही, नि ह्यांचं बरं चालतं."
"वहिनी, कुत्र्याला गोत्र नसतं, खानदान असतं."
सगळेच हसलो. टोबीचे पाय एकदा मनात आले. पण ते गडग्यावरून पडून झालेलं. मोडलेलं हाड काही पोरांत उतरत नाही. नेली चालते तर ठणठणीत.

२८ मार्च
गुरांचा सरकारी डॉ. शेजारच्या गावात साथीसाठी आलेला. कोर्टातली ओळख, म्हणून घरी घेऊन आलो. त्याने टोबीला कुशीवर निजवलं, पाय हळूच फिरवला, मग दुसरा.
"मोडलेलं काही नाही, वकीलसाहेब. खुब्याची खोबणच उथळ आहे. हाड तिच्यात बसत नाही. जन्मापासूनचं. दोन्ही बाजूंना."
औषध? "बरं होणार नाही. वजन वाढू देऊ नका. पायऱ्या नकोत. शेक चालू द्या, पाण्यात पोहू द्या. सांभाळायचं, बस."
चपला घालताना म्हणाला, "ह्याची वीण मात्र घेऊ नका. असलं पुढे उतरतं."
मी पानाचा डबा पुढे केला. नेली दाभोळला गाभण.

म्हणजे हाडवैद्याने ओढलं ते सगळं फुकट. टोबी ओरडला तेही.

५ एप्रिल
घरात भांडण. सौ. टोबीला चोरून तूपभात घालते. "मायेने मारशील त्याला," मी म्हणालो. ती उठून परसात गेली. मला असं बोलायला नको होतं, पण तो पोटाने पिंपासारखा झालाय आणि ते सगळं त्या दोन पायांवर.
सायंकाळी त्याच्या पानात नुसती पेज नि थोडी मासळी. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत राहिला. तिने पाठ फिरवली ती जेवणं होईपर्यंत.

३० एप्रिल
दाभोळच्या बोटीवरचा एक तांडेल निरोप घेऊन आला. नेलीला पिल्लं झाली, एकच जगलं. मादी. बापूने नाव ठेवलंय चिंगी. त्याची लहान मुलगी तिला खाली ठेवत नाही म्हणे.
बापूला कळवायला बसलो. काय कळवू? पिल्लू धडधाकट असेलही. डॉक्टर काय देव आहे? कागद तसाच

२२ मे
माजघरात शहाबादी फरशी बसली. सौ. तीन वर्षं मागे लागली होती. टोबीने पाऊल टाकलं आणि मागचे पाय दोन दिशांना गेले. पोटावर पडला, उठेना. शेणाच्या जमिनीवर त्याला पकड तरी होती.
दुपारी पाहतो तो सौ.ने सगळ्या नव्या फरशीवर गोणपाटं पसरलेली. खाडीपलीकडून जावा खास फरशी बघायला आल्या, त्यांना गोणपाटं दिसली.

१० ऑगस्ट
पाऊस थांबत नाही. दमट हवेत त्याचे खुबे धरले जातात. सकाळी उठवून उभा करावा लागतो, पोटाखालून पंचा घालून. आज उठता आलं नाही, जागीच घाण झाली. त्याने मान खाली घातली. कुत्र्यालाही लाज असते हे मला माहीत नव्हतं.
सौ.ने ऊन पाण्याने धुतला. सोवळ्यात होती. पुन्हा आंघोळीला गेली, त्याला मात्र एका शब्दाने बोलली नाही.

१८ नोव्हें.
भाट्याच्या खाडीत टोबीला रोज नेतो, बैलगाडीने. लोक म्हणतात, वकिलाचं कुत्रं गाडीत नि वकील पायी. म्हणोत.
पाण्यात शिरला की तो वेगळाच. लांब कान पाण्यावर तरंगतात, मान ताठ, सरळ पोहत जातो. कुठे दुखत नाही. मी हाक मारली की वळतो, पण नाइलाजाने. काठाला पाय टेकले की पुन्हा म्हातारा. अडीच वर्षांचा फक्त.
आज तो बाहेर येईपर्यंत वाळूत बसून रडलो. गाडीवान बैलांकडे बघत राहिला, भला माणूस.

९ जानेवारी १९३३
टोबी फार थकला. रोड झालाय. खाडीही दोन आठवडे बंद, गाडीतले हिसके सोसत नाहीत. डॉ. भेटले. म्हणाले, "त्रास हाताबाहेर गेला तर मला बोलवा. झोपेतच जाईल." घरी सांगितलं.
"त्या डॉक्टरला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही," सौ. म्हणाली. मग त्याचं गोणपाट सारखं करताना, "अजून शेपूट हलवतो हो."
हलवतो. मी आलो की हलवतो. म्हणूनच ठरवता येत नाही.

२६ फेब्रु.
बापू आला, बायको-मुलीसह, आणि चिंगी. दहा महिन्यांची. बापासारखाच तांबूस रंग, तेच कान. टोबी गोणपाटावरून उठायला धडपडला, जमलं नाही. ती त्याच्या तोंडाशी जाऊन हुंगू लागली. त्याने तिचं नाक चाटलं.
बापू गहिवरला. "अरे नाना, ह्याची ही अवस्था! पडला तेव्हापासूनच ना?"
मी हो म्हणालो.

दुपारी खळ्यात मुलीने चेंडू टाकला. चिंगी धावली. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून.
मुलगी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, बघा, ससा!" बापू हसत माझ्याकडे वळला. "अशीच धावते कधीची. बापाचं वळण पुरतं उचललंन."
मीही हसलो. दुसरं काय करावं ते कळेना. ओटीवर टोबी मान उचलून तिच्याकडे बघत होता.

वळून पाहतो तो सौ. दारात. तिनेही पाहिलं होतं. आत गेली, आणि उंडीच्या तेलाची नवी बाटली आणून बापूच्या सामानाशी ठेवली.
बापूने अजून पाहिलेली नाही. उद्या सकाळच्या बोटीने निघतील. बाटली कशाला म्हणून विचारेल, तेव्हा डॉक्टर काय म्हणाला ते सांगावं लागेल. न विचारता निघाला तर