सार्देलाची नजर

मंगळवार, ११ मार्च

सार्देला आजही पलंगाच्या पायथ्याशी बसून पांतेलिसकडे टक लावून बघत होती. मी साठपर्यंत मोजलं – पापणी म्हणून लवली नाही! आमचीच मांजर, पण मला कसंतरीच झालं.

जानेवारीत झटका आला तेव्हापासून पांतेलिसच्या, माझ्या नवऱ्याच्या, तोंडून शब्द नाही, हात हलत नाही. डोळे तेवढे उघडे. आपल्याला ओळखतो की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. मला एवढंच हवंय – आत तो आहे का, ते कळू दे.

संध्याकाळी वन्सं आल्या. मांजराला बघून दारातच थांबल्या. "ही त्याला दृष्ट लावतेय गं, अर्गिरो."

बुधवार, १२ मार्च

वन्संनी बशीत पाणी घेऊन तेलाचे तीन थेंब सोडले. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, जेवणात तेल नाही, पण यात चालतं. मंत्र पुटपुटताना त्यांना जांभई आली – म्हणजे दृष्ट लागलेलीच! थेंबही पाण्यात विरले, तीही तीच खूण. दृष्ट घरातलीच आहे म्हणाल्या, आणि बोट मांजराकडे.

मी टोपली काढून दिली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. खापर फोडायला कुणीतरी मिळालं. वन्सं तिला आपल्या वरच्या गावी घेऊन गेल्या.

शनिवार, १५ मार्च

दिवसभरात त्याच्या पोटात दोन चमचे सूप. बस.

गुरुवार, २० मार्च

त्याचे डोळे सारखे पायथ्याशी, ती बसायची तिथे.

वन्संच्या शेळ्या तपासणारी गुरांची डॉक्टर, थेक्ला, पावाच्या दुकानात भेटली. सार्देला वरच्या गावी कशी, म्हणून तिने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. हसली नाही, ही तिची मेहेरबानी. म्हणाली, मांजराच्या डोळ्यांतला ओलावा लवकर सुकत नाही, आपल्यासारखी उघडझाप लागत नाही. शिवाय शिकारी जात, डोळा मिटला की उंदीर पसार! मग जाता जाता थांबली.

"जिथे भीती नसते ना मावशी, तिथेच ती डोळे सावकाश मिटते. मुद्दाम. तो तिचा लाड असतो."

मंगळवार, २५ मार्च

आज सण, उपासातही मासा चालतो; खारवलेला मासा तळला, लसणीची चटणी वाटली. मासा अगदी मऊ कुस्करून भरवायला गेले – तोंड उघडेना. शेजारणीला त्याच्यापाशी बसवलं आणि वरच्या गावची बस पकडली.

वन्सं रागावल्या. त्याला काही झालं तर मला हाक मारू नकोस म्हणाल्या. पण टोपलीवर फडकं त्यांनीच बांधून दिलं.

घरी येताच सार्देला आपल्या जागेवर. बघत राहिली, बघत राहिली. मग हळूच डोळे मिटले, उघडले. आणि पांतेलिसनेही! तेवढेच सावकाश. पुन्हा तिने, पुन्हा त्याने. मी दारात उभी राहून रडले.

बुधवार, २६ मार्च

सकाळी मी त्याच्यासमोर बसले आणि डोळे सावकाश मिटले. त्याने लगेच उत्तर दिलं.

हे तो मला रोज करायचा. जानेवारीपासून. मी म्हणायची, झोप आली वाटतं – आणि पडदा ओढून बाहेर जायची.